गहाळ

परवा दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंच्या मानेवर टाके दिसले आणि मला आमचे पोलीस आयुक्त आठवले. मी त्यांच्या कार्यालयात लघुलेखक होतो. महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. शहरातले गुन्हे घटले, असं मंत्र्यांना सभेत सांगायचं होतं आणि साहेबांची बढतीही तेव्हाच ठरणार होती.

एके सकाळी एक शिक्षिका भेटायला आल्या. मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांचं मंगळसूत्र ओढून नेलं होतं, पण चौकीत त्याची नोंद ‘गहाळ’ अशी झाली होती. त्यांनी पदर बाजूला करून मानेवरचे टाके दाखवले.

साहेबांनी ते टाके नीट पाहिले. "बाई, तपास होईल. शब्दाने काय फरक पडतो?"

"गहाळ म्हणजे माझ्या हातून हरवलं, साहेब. मी काहीच हरवलेलं नाही."

साहेबांनी समोरची फाईल पुढे ओढली. तरुणपणी दरोडेखोरांचा पाठलाग करताना याच माणसाने खांद्यात गोळी झेलली होती. गोळीसमोर विचार करायला वेळ नसतो, म्हणून तिथे धैर्य सोपं जात असेल का? खुर्चीत बसल्यावर वेळ भरपूर मिळतो, आणि त्या वेळात माणूस आपली बढती, बदली, वरून येणारा फोन, सगळं आठवून घेतो.

बाई गेल्यावर ते म्हणाले, "लिहून घ्या. चौकशी केली, नोंद योग्य आहे."

साहेबांना बढती मिळाली. त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. बाईंचे टाके मीही पाहिले होते, आणि मी एवढंच विचारलं होतं, "साहेब, किती प्रती काढू?"