उरलेल्या गोळ्या

माझं सासर भीमाशंकरच्या खालच्या अंगाला, भातखाचरांमधल्या वाडीत. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, संपत आली की आमच्याकडे कोणी ना कोणी थंडीतापाने पडतंच. "भिजल्याचा ताप हाय," म्हणायचं, सलाईन लावून घ्यायचं आणि पुन्हा चिखलात उतरायचं. रक्त तपासायला बोट पुढे करायला कोणी राजी नसतं.

गेल्या पावसाळ्यात सासरे पडले. त्यांना सगळे आबा म्हणतात. ताप दिवसाआड यायचा, गोधड्यांखालीही त्यांचे दात वाजायचे. सलाईनने भागेना, तेव्हा आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला. एक गोळी दोन आठवडे रोज घ्यायची होती. पण ताप उतरला तसे आबा बांधावर जायला लागले.

"आता कशाला? लई गरम पडत्यात," म्हणाले आणि उरलेलं पाकीट फडताळात ठेवलं. मी आठवण करून दिली की नुसती मान हलवायचे.

मग शेजारच्या सुनेला तसाच ताप भरला. ती पोटुशी होती, दिवस भरत आलेले. तिची सासू आमच्या ओट्यावर येऊन रडली. आबांना राहवलं नाही. मी रानातून परतले तेव्हा त्यांनी समाधानाने सांगितलं, "माज्या गोळ्या दिल्या तिला. पोरगी लई तडफडत व्हती."

डोक्यावरचा गवताचा भारा मी तिथंच टाकला. गोळ्या देताना नर्सने मला बजावलं होतं की पोटुशी बाईला ही गोळी चालत नाही. धावत शेजारी गेले.

"घेतलीस का गं?"

"सकाळी एक घेतली. का वं?"

माझ्या मागोमाग आबा आले होते. नर्सचं बोलणं मी सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. ते जीप आणायला गेले.

दवाखान्यात तिला दाखल करून घेतलं. तिलाही मलेरियाच होता. डॉक्टर आम्हा सगळ्यांना बोलले. आबा बाहेर बाकावर बसून राहिले, चहासुद्धा घेतला नाही. "बाळ हालतंय का, इचार ना तिला," एवढंच मला पुन्हा पुन्हा म्हणत होते.

ती बरी होऊन घरी आली. पुढे मुलगी झाली, वजनाला कमी, पण सुखरूप. तोवर आमच्या दोन्ही घरांत कोणी मोकळेपणानं हसलं नव्हतं.

वाडीत मात्र गोष्ट वेगळीच पसरली. आबांच्या गोळीनं शेजारच्या सुनेचा ताप उतरला म्हणे! भातकापणीच्या वेळी खालच्या आळीतला एक जण दारात आला. अंगावर घोंगडी, ओठ काळेनिळे.

"आबा, ती गोळी हाय का अजून?"

मीच म्हणाले, "नाही, भाऊ. दवाखान्यात जा, रक्त तपासून घ्या."

"एका गोळीसाठी इतकं कशाला?" म्हणून तो रागानं निघून गेला. दवाखान्याचा रस्ता उजवीकडे होता. तो डावीकडे वळला.