दोघांच्या नावाचा मलिदा

रिबेकाताई गेल्याचं मला कुणी कळवावं लागलं नाही. सकाळी समोरच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली आणि मी समजले… रास्ता पेठेतल्या आमच्या इमारतीत त्यांच्याआधी दूध आत घेणारं कुणी नव्हतं. झोपेतच गेल्या होत्या. आता त्याला महिना होऊन गेला. लोक म्हणतात, सुटल्या. अजिबात सुटल्या नाहीत. त्यांचं एक काम राहिलं होतं आणि ते टाकून जायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

रिबेकाताई बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यू. मुलगा जोसेफ इस्राएलला गेला आणि तिकडचाच झाला. रिकाम्या खोलीत ताईंनी शिकायला आलेला एक मुलगा ठेवला. नबील, गाझाचा. फार्मसी शिकता शिकता तो मराठी शिकला, ताईंना आई म्हणू लागला आणि उशिरा आला की माझ्यादेखत बोलणी खाऊ लागला. परत गेल्यावरही त्याचे फोन येत. ताईंचा पहिला प्रश्न ठरलेला, जेवलास का?

मग युद्ध पेटलं. जोसेफचा मुलगा फौजेत, नबील बायकामुलांसह तंबूत. ताई नवस बोलल्या, दोघं सुखरूप घरी परतले की एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करीन. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि भोवती फळं. नवस फेडताना त्यांच्यात तो करतात. बागेत फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांना गाठून विचारलं, "आपण नेमक्या कुणाच्या बाजूने?" ताई म्हणाल्या, "अहो, आधी बाकावर जरा सरका. मला बसू द्या, मग बाजू सांगते."

नातू घरी परतला. जोसेफचा फोन आला तेव्हा मी तिथेच भाजी निवडत होते.

"आई, आता मलिदा कर."

"अजून नाही."

"त्या नबीलपायी माझ्या मुलाचा नवस अडवणार तू?"

"नवस एकच आहे, जोसेफ. तो अर्धा फेडत नाहीत."

त्याने चिडून फोन ठेवला. मला राहवलं नाही. विचारलं, "ताई, होईल का हो तिथे कधी शांतता?" त्या उसळल्याच. "होणार नाही असं म्हणणाऱ्यांचं तिथे कुणी नसतं. मला तसं म्हणणं परवडत नाही."

नबीलचा शेवटचा फोन आला तेव्हा ताईंनी विचारायच्या आत तोच म्हणाला, "आई, मी जेवलो." फोन ठेवून ताई रडल्या. "खोटं बोलतोय कार्टा." त्यानंतर त्याचा नंबर लागलाच नाही…

ताई गेल्याचं कळल्यावर जोसेफ आला. घर आवरताना मलिद्याची पितळी परात हातात धरून उभा राहिला. भंगारात काढतोय की काय, म्हणून मी भांडायच्या तयारीनेच पुढे झाले. तो म्हणाला, "मावशी, नबीलचा नंबर आहे तुमच्याकडे?" माझ्या फोनवरून त्याने लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग परात माझ्याकडे देत म्हणाला, "ही राहू दे इथे. मी तिकडून लावत राहीन."

परवा आमच्या सूनबाईंनी तिच्यात कणीक मळायला घेतली. मी परात काढून घेतली, घासूनपुसून परत फळीवर ठेवली. शेजारी पोह्यांचा पुडा आहे. जुना झाला की मी नवा आणते.