वॉल्टरकाकांचा नारळ

आज देवापुढे नारळ फोडला. पाण्याचा तो गोडसर वास आला आणि नव्वदच्या दशकातलं आमचं अमेरिकेतलं, ईडन प्रेरी गावचं घर आठवलं.

शेजारचे वॉल्टरकाका आणि मार्था त्या दिवशी जेवायला आले होते. काकांना नुकतंच मेडल मिळालं होतं. तरुणपणी ते विमानातून शत्रूच्या हद्दीत शिरून चोरून फोटो काढायचे. नवरा हवामान मोजतो, असंच मार्था इतकी वर्षं समजत होती. सरकारनं आत्ता कुठे ते गुपित खुलं केलं होतं.

साताऱ्याहून आलेली माझी आई म्हणाली, "नुसतं जेवू काय घालतेस? सत्कार कर की!"

"आई, प्लीज! इथे असलं काही नसतं गं."

पण तिनं काकांना ओवाळलंसुद्धा. अंगावरची शाल त्यांच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला. काका तो दोन्ही हातांत धरून ताठ उभे.

"वरून काय दिसायचं, विचार त्यांना," आई म्हणाली. मी विचारलं.

"क्लाउड्स," काका सवयीनं बोलून गेले, मार्थाकडे बघितलं आणि खो खो हसत सुटले. मग जे बोलायला लागले, ते वरणभात पार गार होईपर्यंत.

तो नारळ त्यांनी कधीच फोडला नाही. मेडलशेजारी, शेंडीसकट, फायरप्लेसवर ठेवला. तेव्हा मला हसू यायचं. आज कळतं, मेडल बघून लोक नुसती मान डोलवायचे. नारळ बघून मात्र प्रत्येक जण विचारायचा, "हे काय?"

आणि काका सुरुवातीपासून सगळं सांगायचे.