फ्लेक्सवरचे पाय

कोल्हापुरात फौजेतून परत आलेला प्रत्येकजण मेजर. मी हवालदार म्हणून घरी आलो, तेही उजवा पाय सुरुंगावर गमावून, तरी रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचा मी मेजरच. त्यामुळे सीमेवर तोफा धडाडल्या आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्यांना सुगी आली, तेव्हा त्यातल्या एका अकॅडमीचा मालक फ्लेक्ससाठी माझा फोटो मागायला घरी आला. मी एकच अट घातली. नकली पाय आहे तसा दिसला पाहिजे. येणाऱ्या पोरानं तो बघून यावं.

"व्हय की मेजर! त्येच तर खरं," तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

तेव्हाच ओळखायला हवं होतं. आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये जुन्या महायुद्धातली भरतीची पोस्टरं टांगलेली होती. कडक इस्त्री, गुलाबी गाल, मिशीला पीळ, आणि खाली पगाराचं नि पोटभर जेवणाचं आमिष. कुठं चिखल नाही, उवा नाहीत, हगवणीनं वाकलेला एक माणूस नाही. रंगवणारे सावलीत बसून दुसऱ्यांच्या पोरांना मरायला बोलवत होते, आणि वर कोपऱ्यात झोकात सही ठोकत होते. मला त्या सह्यांचीच जास्त किळस यायची.

फ्लेक्स चौकात लागला. खाली शुभेच्छुकांची रांग, एकेकाचा काळा चष्मा माझ्या डोक्याएवढा. त्यांच्या वर मी, हाफ पँट घालून, छाती फुगवून धावतोय. दोन्ही पायांवर! पोटऱ्या अशा पिळदार, की तालमीतल्या पैलवानानं वळून बघावं.

मी तडक फ्लेक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या कलाकारानं स्क्रीनवरची नजरसुद्धा काढली नाही.

"नेटवरनं एका पोराचं पाय घेतल्यात मेजर. मॅचिंग झालंय का न्हाय? लंगडा मेजर लावल्यावर भरतीला कोण येतंय?"

त्याच्या कानाखाली वाजवावी असं मनापासून वाटलं. त्या जुन्या पोस्टरवाल्यांना निदान हातानं पाय रंगवता तरी येत होते. हा नुसता चिकटवणारा, आणि तोंड वर करून स्वतःला आर्टिस्ट म्हणवणारा.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरवायला विळा घेऊन निघालो. पण आई मलकापूरहून एसटीनं आलेली. ती म्हणाली, मीबी येते. मला धाकधूक लागली. अपघातानंतर तिनं माझ्या पायाकडं कधी धड पाहिलेलं नव्हतं. तिला हा धावणारा मुलगा आवडला असता, तर माझा हात उठला नसता.

ती फ्लेक्सखाली उभी राहिली. पदरानं ऊन अडवून बराच वेळ बघत होती.

"त्वांड तुजं हाय," ती म्हणाली. "पाय कुणाचं हायती?"

"असंल कुणीतरी पोरगा. कॉम्प्युटरातनं घेतल्यात."

ती पुन्हा त्या पायांकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्येच्या आईला म्हाईत हाय का रं, तिच्या पोराचं पाय हितं लावल्यात त्ये?"

मी दोरी कापली.