पडक्या भिंतीपुढचे फोटो

"हं, आक्का, हनुवटी जरा वर. आता हसा बघू!"

मागं अख्खी भिंत पडलेली, पायाखाली घोटाभर चिखल, आणि आमचे फोटोग्राफर अण्णा त्या घरच्या बाईला हसायला सांगत. निपाणीत त्यांचा लग्नाचे फोटो काढायचा स्टुडिओ होता. वळवानं ओढे फुगले, घरांत पाणी शिरलं की नुकसानीच्या पंचनाम्याला मी तहसील कार्यालयातर्फे जायचो आणि फोटोला त्यांना न्यायचो. जन्मभर नवरा-नवरीच समोर उभे केलेला माणूस. पडकं घरसुद्धा जरा बरं दिसावं असं त्यांना वाटायचं.

एकदा पडलेल्या गोठ्यापुढं त्यांनी म्हशीला तीन-चारदा फिरवलं. "उजेड मागनं येतोय. हिचं त्वांड काळं याय लागलंय," म्हणाले.

मालक म्हणाला, "अण्णा, ते काळंच हाय."

तुम्ही म्हणाल, ही काय थट्टेची वेळ? पण चिखलात बसून राहिलेली माणसं अण्णा आले की उठायची, तोंड धुवायची, भांग पाडायची.

एका मे महिन्यात हे अंगाशी आलं. ओढ्याकाठी एकट्या राहणाऱ्या एका आक्कांचं घर बसलं होतं. फोटोत त्या जरीकाठाची साडी नेसून झकास हसत होत्या. आमचे साहेब कन्नड. फोटो बघून म्हणाले, "यार मदुवे री इदु?" कुणाचं लग्न आहे हे? फाईल परत आली. नवा फोटो नसेल तर भरपाई नाही.

आम्ही पुन्हा गेलो. अण्णा ओशाळून म्हणाले, "आक्का, जरा जुनी साडी नेसा. आणि ह्या बारीला हसू नगा."

"जुन्या समद्या ओढ्यानं न्हेल्या की," आक्का म्हणाल्या. "ही तेवढी ट्रंकेत माळ्यावर हुती. लेकीच्या लग्नातली."

अण्णांनी कॅमेरा उचलला. आक्कांनी तोंड गंभीर करायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण अण्णांचा रडवेला चेहरा बघून त्यांना जास्तच हसू फुटलं.

तोच फोटो घेऊन अण्णा माझ्याबरोबर साहेबांपुढं आले. साडीची हकीकत सांगितली. साहेबांनी विचारलं, "ते खरं. पण हसतात का?"

"साहेब, घर पडलंय म्हणून बाईनं त्वांड बी पाडायचं व्हय?"

मी कन्नडमध्ये सांगायला लागलो, तोवर साहेबच हसले होते. त्यांनी सही केली.

गेल्या हिवाळ्यात अण्णा वारले. यंदा वळीव पुन्हा झोडपून गेला. आता फोटो आम्हीच मोबाईलवर काढतो. परवा एका म्हाताऱ्या आप्पांच्या घरी मी पडलेली भिंत टिपली आणि मोबाईल खिशात घालून निघालो. आप्पा दाराच्या चौकटीत टोपी सारखी करून ताठ उभे होते.

"साहेब," ते म्हणाले, "भिंतीचा काढलासा. माझा?"