पॅनलवरचा पंजा

मंडळी, आज दुपारचं वादळ नांदेडात सगळ्यांनीच बघितलं असेल. आमच्या घरी जे झालं ते सांगते.

गेल्या वर्षी वादळानं गच्चीच्या दाराची काच फोडली. म्हणून यंदा दाराला आणि खिडक्यांना लावायला प्लास्टिकची हलकी, दुधी पॅनल आणली. आज आभाळ पिवळं पडताच मी वाळत घातलेल्या कुरडया गोळा केल्या, आत आले आणि दाराच्या चौकटीत पॅनल अडकवलं.

धुळीनं अंधारून आलं. तेवढ्यात पॅनलवर थाप पडली.

"वारं हाय," सासूबाई म्हणाल्या.

थाप थांबली. परत पडली. मग दुधी पॅनलच्या पलीकडं पाच बोटं दिसली, दाबून धरलेली.

मी धावले. सासूबाईंनी मनगट धरलं. त्यांचं माहेर लातूरकडचं, पत्र्याचं घर. "वादळात दार उघडायचं न्हाई. वारं आत शिरलं की पत्रे घेऊन जातंय. माझ्या बापानं माझ्या सख्ख्या चुलतीला बी उघडलं न्हवतं."

मी थांबले.

वारा पडल्यावर पॅनल काढलं. गच्चीवर कुणीच नव्हतं. पॅनलवरच्या धुळीत पंजा होता आणि खाली हिरव्या बांगडीचे तुकडे. शेजारच्या गच्च्या आमच्या गच्चीला लागूनच आहेत. सगळ्या शेजारणींना विचारलं. सगळ्या घरातच होत्या म्हणे.

सासूबाई ते तुकडे पदरात बांधून बसल्यात.

आमचं घर स्लॅबचं आहे. उडायला पत्रेच नाहीत.

उद्याही वादळ सांगितलंय. थाप पडली तर काय करू, सांगा.