अक्काची बर्फाची पेटी

"झाकन लाव पह्यले, मंग बोल."

अक्काचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की दुकानात कोणी फ्रीजचं दार उघडं टाकून बोलायला लागलं की माझ्याच तोंडून ते निघतं. गिऱ्हाईक चमकतं. चमकू दे.

जळगावात माझं जुन्या फ्रीजचं दुकान आहे. जुने घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. अक्का असोद्याची. नात्यागोत्याची नव्हे, निव्वळ गिऱ्हाईक. नवरा गेल्यावर तिनं त्याचा टेम्पो विकला नाही, त्याचीच जेवणाची गाडी केली. साखरपुडा असो की बारसं, गाडी दारात उभी राहायची आणि वरण-बट्टी, वांग्याचं भरीत, मठ्ठा अशी पंगत बसायची. मुलगा सुरतेला नोकरीला. आईनं या वयात उन्हातान्हात हिंडावं हे त्याला पटत नव्हतं. त्यानं सरळ सांगितलं, "उन्हाळ्यात एकदा जरी जेवण खराब झालं, तर गाडी विकायची आणि माझ्याकडे यायचं." अक्का हो म्हणून बसली. आमचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच असेल. सकाळचं दही दुपारी तोंडात धरवत नाही.

म्हणून ती माझ्याकडे आली, आणि आली ती ठाणच मांडून बसली. प्रत्येक फ्रीजच्या दाराच्या रबरावरून तळहात फिरवायची, गारवा कुठून निसटतो ते चाचपायची. मी उभा फ्रीज दाखवला. "याचं दार उघडलं की सारा गारवा पायावर पडतो, भाऊ." बॅटरीवर चालणारा नवा दाखवला. किंमत ऐकून म्हणाली, "चहा पाज आता. आयकूनच घाम फुटला." इन्व्हर्टर लावून घरचा चालव म्हटलं, तर म्हणे, "अमळनेरच्या रस्त्यानं माहे दात हालतात, त्या मशीनचं काय राहीन?"

शेवटी तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथं आडवा डीप फ्रीझर पडला होता, कॉम्प्रेसर जळालेला, भंगारात घालायचा.

"हे दे."

"अक्का, मेलंय ते."

"मेलं त मेलं. भिंती जाड आहेत ना? बर्फ म्या टाकीन."

मी दिवसभर हसत होतो. बंद फ्रीज मागून नेणारं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नव्हतं. ती मात्र रोज सकाळी बर्फाच्या कारखान्यावरून लादी घ्यायची, पेटीत ठेवायची, वर बारदान, त्यावर दह्याची पातेली. गाडी चालली.

मग जामनेरचा साखरपुडा आला. जेवायला उशीर, मांडवात माणसं घामानं निथळलेली. एकानं गार पाणी मागितलं. अक्कानं झाकण उघडलं, बर्फ फोडून दिला. मग दुसऱ्यानं मागितलं. मग सगळा मांडवच पेटीपाशी. आता आमच्याकडे पाणी मागणाऱ्याला नाही कोण म्हणतं? पानं मांडली तेव्हा पेटीत नुसतं कोमट पाणी होतं आणि मठ्ठा आंबला होता. तिनं तो वाढला नाही, ओतून दिला.

कोणी चुगली करायच्या आत तिनं स्वतःच मुलाला फोन लावला, माझ्याच दुकानातून. सगळं सांगितलं आणि म्हणाली, "पोरा, तहानेल्या मानसाले नाही म्हनू का म्या?"

गाडी विकायचं त्यानं नावही काढलं नाही. नुसतं म्हणाला, "पाण्याची पेटी वेगळी कर, आई."

अक्का फोन ठेवून पदरानं तोंड पुसत हसली. मला फार बरं वाटलं. तिला थर्माकोलची छोटी पेटी मीच करून दिली. पाण्याची ती, येईल त्याला उघडी. मोठ्या पेटीला मात्र कोणी हात लावला, की तेच वाक्य. मग तो नवरदेवाचा बाप का असेना.

या वैशाखात, पंगतीच्या बट्ट्या वळता वळता ती गेली. भर दुपारी. निरोप मिळताच मी तिच्या घरी पोचलो. मुलाला सुरतेहून रात्रीचीच रेल्वे मिळाली, तो सकाळच्या आत पोचणार नव्हता. त्या उन्हात तिला तोवर ठेवायचं कसं? कोणीतरी बर्फ म्हणालं आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी तिचीच गाडी घेतली. कारखान्यावरच्या माणसानं गाडी ओळखली. "आज दुसऱ्यांदा? कुठली पंगत आहे अक्काची?"

मी लाद्या पेटीत सरकवल्या, बारदान टाकलं, आधी झाकण लावलं. मग त्याला सांगितलं.

घरी तिच्याभोवती बर्फ लावला. बायका रडत होत्या. मला रडू आलं नाही. लादी कुठून वितळते, बारदान कुठं सरकलंय, एवढंच मी बघत होतो.

सकाळी मुलगा आला. आईजवळ बसला, मग उठून बाहेर गाडीपाशी आला. ओठ सुकलेले. पाणी आहे का म्हणाला. मी छोट्या पेटीकडे बोट केलं. ती आदल्या दिवशी अक्कानंच भरली होती, पंगतीसाठी. कोणाच्या लक्षातही नव्हती. त्यानं झाकण काढलं, पेला बुडवला, उभ्यानंच प्यायला.

"गार आहे अजून," तो म्हणाला.

झाकण त्याच्या हातातच होतं. पेटी उघडी. या वेळी ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.